हेवीवेटमधील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा ठरवताना मी काय पाहतो

हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटात, रॉकी मार्सियानो ४९ व्यावसायिक लढती लढला आणि एकही हरला नाही, तरीही पाच वेळा हरलेला मुहम्मद अली बहुतेक जाणकारांच्या यादीत त्याच्या वर का असतो, असा आपला मुख्य प्रश्न आहे. ऐन भरातला माइक टायसन या सगळ्यांना भारी पडला असता का, हा उपप्रश्न आहे, आणि शेवटी आपण माझी पहिल्या दहांची यादी मागितली आहे. मी बरीच वर्षे मुष्टियुद्ध शिकवतो आणि हौशी स्पर्धांमध्ये गुणदानाचे कामही करतो, त्यामुळे हा वाद माझ्या कानावर सतत येत असतो. यादी खाली दिलीच आहे, परंतु ती कोणत्या निकषावर लावली हे आधी सांगितले नाही, तर तिला काही अर्थ राहणार नाही.

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. एखाद्याने आपल्या काळात काय मिळवले, हा पहिला. आपल्या सर्वोत्तम दिवशी तो किती चांगला लढत असे, हा दुसरा. आणि कालयंत्रात बसवून दोघांना एकाच रिंगमध्ये उभे केले तर कोण जिंकेल, हा तिसरा. मी क्रमवारी पहिल्या प्रश्नावर लावतो, दोघांमध्ये निवड करणे अवघड झाले की दुसऱ्याची मदत घेतो, आणि तिसरा प्रश्न पूर्णपणे बाजूला ठेवतो. याचे कारण साधे आहे. मार्सियानोची उंची पाच फूट दहा इंच आणि लढतीच्या दिवशीचे वजन साधारण १८५ पाउंड, म्हणजे ८४ किलो, असे. आज २०० पाउंडांपर्यंतचा मुष्टियोद्धा क्रूझरवेट गटात मोडतो, म्हणजे आजच्या नियमांनी त्याला हेवीवेट म्हणता आले नसते. लेनॉक्स लुईस साडेसहा फुटांच्या जवळपास उंच होता आणि उत्तरार्धात २४५ पाउंडांच्या आसपास वजनाने लढत असे. साठ पाउंडांचा हा फरक कौशल्याने भरून निघेल का, यावर कितीही बोलता येईल, पण त्यातून कोण मोठा हे ठरत नाही, फक्त माणसांचा आकार वाढत गेला एवढेच कळते.

काही गोष्टी त्या त्या काळावर अवलंबून होत्या, हेही मान्य करायला हवे. १९८० च्या दशकात जगज्जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ फेऱ्यांवर आल्या. जुन्या काळातील अनेक निकाल तेराव्या फेरीनंतर फिरलेले आहेत आणि आजच्या नियमांनी त्यांचा निकाल उलटा लागला असता. जॅक डेम्प्सीने १९१९ मध्ये टोलेडो येथे जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले, तेव्हा पडलेला प्रतिस्पर्धी उठत असताना त्याच्या शेजारी उभे राहून पुन्हा ठोसा मारण्यास मज्जाव नव्हता. १९२७ मध्ये शिकागोत जीन टनीला पाडल्यावर मात्र पाडणाऱ्याने आधी तटस्थ कोपऱ्यात जाण्याचा आणि मगच दहापर्यंत मोजणी सुरू होण्याचा नियम लागू होता, डेम्प्सीने त्याला उशीर केला, मोजणी उशिरा सुरू झाली, आणि टनी सावरून लढत जिंकला. माणूस तोच, सवय तीच, नियम बदलला आणि निकाल बदलला. त्यात आणखी भर म्हणजे एकेकाळी जगज्जेता एकच असे. पुढे दोन, मग तीन आणि १९८८ नंतर चार संघटनांचे पट्टे झाले, त्यामुळे 'विजेतेपद इतक्या वेळा राखले' या आकड्याचे वजन सर्व काळात सारखे राहत नाही.

आता मार्सियानोकडे येतो. गुणदान करताना समोरच्या फेरीच्या तीन मिनिटांपलीकडचे काहीही विचारात घ्यायचे नसते. क्रमवारी लावताना नेमके त्या मिनिटांबाहेरचेच तपासावे लागते. मार्सियानोने जो लुईसला ऑक्टोबर १९५१ मध्ये हरवले तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता, एकदा निवृत्त होऊन परत आलेला होता आणि त्याचा उजवा हात पूर्वीसारखा सुटत नव्हता. सप्टेंबर १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटकडून त्याने विजेतेपद घेतले तेव्हा वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. एझर्ड चार्ल्स हा निर्विवाद थोर मुष्टियोद्धा, पण त्याची खरी उंची हेवीवेटहून हलक्या अशा लाइट हेवीवेट गटात होती आणि १९५४ पर्यंत त्याच्या अंगावर नव्वदहून अधिक लढतींचा शीण होता. शेवटचा आव्हानवीर आर्ची मूर हाही मूळचा लाइट हेवीवेट आणि तोही चाळिशीकडे झुकलेला. ही नावे मोठी आहेत, परंतु मार्सियानोच्या समोर ती उतारवयात आली.

यावरून मार्सियानो सामान्य होता असा अर्थ कृपया काढू नये. वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले होते, बारा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रकांवर तो मागे होता, आणि तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांपाशी मागे सरकत स्वतःचा उजवा हात सोडायच्या बेतात असताना मार्सियानोचा उजवा ठोसा त्याच्याआधी पोहोचला. त्या ठोशाचे चित्रीकरण मी शिकणाऱ्यांना नेहमी दाखवतो, कारण त्यात हात किती कमी अंतर कापतो आणि तरी संपूर्ण शरीराचे वजन त्यामागे कसे येते, हे स्पष्ट दिसते. दमसास, चिकाटी आणि शेवटच्या फेरीतही पहिल्या फेरीइतकाच जड ठोसा, या तिन्ही बाबतींत त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. पण विजेता झाल्यावर त्याने विजेतेपद सहा वेळा राखले आणि ३२ व्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याच्यामागून वर येणाऱ्या पिढीशी त्याची गाठ पडलीच नाही. अपराजित राहण्यात कौशल्याइतकाच योग्य वेळी थांबण्याचाही वाटा असतो, आणि अलीच्या पाच पराभवांपैकी शेवटचे दोन तर तो वेळेवर थांबला असता तर झालेच नसते.

म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगतो की विजयांची यादी सगळेच वाचतात, पराभव नीट वाचा. पराभव कोणाकडून झाला, कोणत्या वयात झाला, कोणत्या उणिवेमुळे झाला आणि त्यानंतर त्या माणसाने काय केले, या चार गोष्टी समजल्या की आकड्यांमध्ये न दिसणारे पुष्कळ काही दिसू लागते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जो लुईसचे आहे. जून १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत बाद केले. लुईसच्या आधीच्या लढतींचे चित्रीकरण पाहताना श्मेलिंगने एक बारीक गोष्ट हेरली होती: जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाल्यावर लुईस डावा हात सरळ हनुवटीकडे परत न आणता किंचित खालून आणत असे. त्या अर्ध्या क्षणात हनुवटीची डावी बाजू उघडी पडे आणि श्मेलिंगचा उजवा ठोसा, जो त्याचा हुकमी ठोसा होता, तिथेच येऊन बसे. चौथ्या फेरीत लुईस पडला तो याच ठोशावर आणि पुढील आठ फेऱ्यांत तोच ठोसा पुन्हा पुन्हा लागत राहिला. वर्षभरात लुईस जगज्जेता झाला, आणि २२ जून १९३८ रोजी यँकी स्टेडियममध्ये श्मेलिंगशी त्याची दुसरी लढत झाली ती पहिल्या फेरीतच, सव्वादोन मिनिटांच्या आत संपली. त्या लढतीत लुईसने मध्यम अंतरावर उभे राहून जॅबची देवाणघेवाण करण्याचा मार्गच सोडून दिला आणि श्मेलिंगला उजव्या हातासाठी लागणारी जागा मिळू न देता पहिल्या घंटेपासून त्याला दोरांवर रेटले. ज्या उणिवेवर प्रतिस्पर्ध्याची सारी योजना उभी होती, ती योजना वापरायला त्याने वेळच दिला नाही. माझ्या मते हा एक पराभव आणि हा एक विजय मिळून लुईसबद्दल जेवढे सांगतात, तेवढे पाच-दहा सहज विजयांनी सांगितले नसते.

लुईसच्या नावावर विजेतेपद सलग २५ वेळा राखण्याचा विक्रम आहे आणि जून १९३७ पासून मार्च १९४९ मधील निवृत्तीपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा वर्षे, तो जगज्जेता होता. त्यावर आक्षेप असा घेतात की त्यातील अनेक आव्हानवीर किरकोळ होते. १९४१ च्या सुमारास तो जवळपास दर महिन्याला एक लढत लढत होता आणि वृत्तपत्रांनी त्या प्रतिस्पर्ध्यांची चेष्टाही केली होती. आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. दर महिन्याला विजेतेपद पणाला लावणे म्हणजे वर्षभर पूर्ण तयारीत राहणे आणि एखाद्या वाईट दिवशी सारे गमावण्याचा धोका वारंवार पत्करणे. असा वाईट दिवस जून १९४१ मध्ये आलाही. त्याच्यापेक्षा पंचवीसेक पाउंडांनी हलका असलेला बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रकांवर पुढे होता आणि तिसऱ्यावर बरोबरी होती. तेराव्या फेरीत कॉन गुणांवर समाधान न मानता बाद करायला पुढे सरसावला, लुईसने त्याला जवळ येऊ दिले, आखूड अंतरावरच्या ठोशांनी खिळखिळे केले आणि फेरी संपायला अवघे दोन सेकंद उरले असताना लढत संपवली. बारा फेऱ्या मागे राहूनही लुईसची ठोसे मारण्याची पद्धत बिघडलेली नव्हती. घाई नाही, रुंद फटके नाहीत. हे शिकवून येते असे मला वाटत नाही.

तरीही माझ्या यादीत लुईस दुसरा आणि अली पहिला आहे. अलीच्या तंत्रात उणिवा होत्या आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. तो हात खाली ठेवत असे, ठोसा चुकवण्यासाठी डोके सरळ मागे नेत असे आणि प्रतिस्पर्ध्याच्या शरीरावर जवळजवळ मारतच नसे. नवशिक्याने यातील काहीही केले तर मी त्याला थांबवतो. जो फ्रेझरच्या गोटातील प्रशिक्षक एडी फच यांनी हेरले होते की उजवा अपरकट (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा) मारण्यासाठी अली हात खाली घेतो तेव्हा त्याची हनुवटी उघडी पडते, आणि ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) लागला तो याच जागी. अली पडला, लगेच उठला आणि फेरी पूर्ण केली. त्याचा हा पहिला पराभव अपराजित जगज्जेत्याकडून झाला, तोही सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० इतका काळ रिंगबाहेर काढल्यानंतर. पंचवीस ते अठ्ठावीस ही मुष्टियोद्ध्याची सर्वोत्तम वर्षे मानली जातात आणि अलीची ती वर्षे गेली ती कायमची गेली. परतल्यावर त्याचे पाय पूर्वीसारखे चालत नव्हते.

पाय गेलेल्या अलीने पुढे जे केले, त्यामुळे मी त्याला पहिला क्रमांक देतो. फ्रेझरला त्याने दोनदा हरवले. केन नॉर्टनकडून १९७३ मध्ये जबडा मोडून घेतल्यावर त्याच वर्षी परतफेड केली. आणि ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे ४० पैकी ४० लढती जिंकलेल्या जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत बाद केले, तोच फोरमन ज्याने फ्रेझरला आणि नॉर्टनला प्रत्येकी दोन फेऱ्यांत संपवले होते. त्या लढतीबद्दल बोलताना सगळे अलीच्या दोरांवर रेलण्याविषयी बोलतात. मला पहिली फेरी अधिक महत्त्वाची वाटते. तिच्यात अलीने जॅबने सुरुवात न करता वारंवार थेट उजव्या हाताने सुरुवात केली. उजवा हात मागे असतो, त्याला लक्ष्यापर्यंत अधिक अंतर कापावे लागते, म्हणून जॅबच्या आडोशाशिवाय तो सोडणे धोक्याचे आणि एका अर्थाने प्रतिस्पर्ध्याचा अपमान करणारे मानले जाते. फोरमन त्यामुळे चिडला, लवकर संपवण्याच्या नादात प्रत्येक ठोशात सारी ताकद ओतू लागला, आणि अली दोरांकडे गेला तोवर दमछाकीची बीजे पेरली गेली होती. तेव्हाच्या जगज्जेत्या सनी लिस्टनला पायांच्या जोरावर हरवणारा १९६४ चा अली आणि फोरमनला डोक्याच्या जोरावर हरवणारा १९७४ चा अली हे जवळपास दोन वेगळे मुष्टियोद्धे आहेत, आणि दोघेही जगज्जेते आहेत.

एक कबुली इथे दिली पाहिजे. १९७६ मध्ये जिमी यंग आणि नॉर्टन यांच्याविरुद्ध अलीला मिळालेले निर्णय मला पटत नाहीत. नॉर्टनविरुद्धची तिसरी लढत मी पुन्हा पाहून गुण दिले की नॉर्टन पुढे येतो. हे दोन्ही निकाल उलटे धरले तरी माझा पहिला क्रमांक बदलत नाही, पण ज्यांना दीर्घ आणि अखंड वर्चस्व अधिक मोलाचे वाटते त्यांनी लुईसला पहिला क्रमांक द्यावा, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

तिसरा लॅरी होम्स. त्याचे नाव इतक्या वर पाहून लोकांना नवल वाटते, कारण अलीनंतर आणि टायसनच्या आधी आल्यामुळे तो दोघांच्या सावलीत राहिला. जून १९७८ मध्ये नॉर्टनविरुद्धची त्याची १५ फेऱ्यांची लढत इतकी अटीतटीची झाली की तिन्ही गुणपत्रकांवर दोघांमध्ये एका गुणाचाच फरक होता. पुढे सात वर्षे तो विजेता होता आणि २० वेळा त्याने विजेतेपद राखले. त्याच्या जॅबइतका चांगला जॅब हेवीवेटमध्ये मी तरी पाहिलेला नाही: कमरेच्या उंचीवरून निघणारा, खांद्याची कसलीही पूर्वसूचना न देणारा आणि एकामागोमाग दोन-तीनदा तितक्याच वजनाने लागणारा. अर्नी शेव्हर्सने १९७९ मध्ये त्याला ज्या उजव्या ठोशाने पाडले त्यातून बहुतेक जण उठलेच नसते. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. त्याच्या विरोधात जाणारी बाब म्हणजे त्याच्या काळातील विजेतेपदे विखुरलेली राहिली आणि इतर पट्टाधारकांशी त्याच्या लढती झाल्या नाहीत.

चौथा लेनॉक्स लुईस. दोन पराभव, दोन्ही एकाच ठोशाने झालेले, आणि दोघांनाही त्याने पुढे हरवले. व्यावसायिक कारकिर्दीत ज्यांच्याशी तो लढला त्यांपैकी प्रत्येकावर किमान एकदा विजय मिळवूनच तो निवृत्त झाला. रिडिक बोवने १९९२ मध्ये त्याच्याशी लढण्याऐवजी विजेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, त्यामुळे त्या पिढीतील एक महत्त्वाची लढत व्हायची राहून गेली. त्याचा दोष मी लेनॉक्सला देत नाही.

पाचवा जॉर्ज फोरमन: १९७३ मध्ये फ्रेझरला सहा वेळा पाडून विजेता झालेला आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या फेरीत बाद करून पुन्हा विजेता झालेला. सहावा मार्सियानो. सातव्या स्थानी जॅक जॉन्सन, ज्याने वर्णभेदाची भिंत ओलांडून १९०८ मध्ये सिडनीत विजेतेपद घेतले आणि बचावाचे तंत्र त्या काळाच्या फार पुढे नेले. मात्र विजेता झाल्यावर त्याने सॅम लँगफर्डला संधी दिली नाही, आणि लँगफर्डला तर कोणत्याच हेवीवेट जगज्जेत्याने कधी दिली नाही. हे माझ्या मनात खटकत राहते, कारण ज्याला लढूच दिले नाही त्याला कोणत्याही यादीत कुठेही बसवता येत नाही. आठवा इव्हँडर होलीफील्ड. त्याच्या नावापुढे दहा पराभव दिसतात, पण त्यातील बरेच उतारवयातील आहेत आणि त्यांना मी फार कमी वजन देतो. नववा जो फ्रेझर, जो आयुष्यात केवळ अली आणि फोरमन या दोघांकडूनच हरला.

आता टायसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये विसाव्या वर्षी तो विजेता झाला आणि जून १९८८ मध्ये त्याने अपराजित मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवले. त्या दीड-दोन वर्षांतला टायसन कौशल्याच्या निकषावर कोणाच्याही पंगतीला बसतो. लोकांना त्याची ताकद आठवते; मला त्याचे डोके आठवते, म्हणजे शब्दशः डोक्याची हालचाल. जॅबच्या बाहेरून वाकून आत शिरायचे, उजवा हुक बरगड्यांवर मारायचा आणि तोच हात मागे न घेता अपरकट म्हणून हनुवटीखाली न्यायचा. शरीरावरचा ठोसा लागताच प्रतिस्पर्ध्याचे कोपर खाली येते आणि दुसऱ्या ठोशाला वाट मिळते. पण १९८८ मध्ये प्रशिक्षक केव्हिन रूनी यांच्यापासून तो वेगळा झाला आणि डोक्याची ती हालचाल हळूहळू नाहीशी झाली. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने लांब जॅबवर त्याला रोखून दहाव्या फेरीत बाद केले. पराभवाबद्दलच्या माझ्या चार प्रश्नांपैकी शेवटचा इथे निर्णायक ठरतो: डग्लसशी त्याची पुन्हा गाठ पडली नाही, होलीफील्डशी पडली ती दुसऱ्या वेळी कान चावून अपात्र ठरण्यात संपली, आणि एकदा खाली पडल्यावर उठून जिंकलेली एकही लढत त्याच्या नावावर नाही. त्याने हरवलेला होम्स ३८ वर्षांचा होता आणि स्पिंक्स मूळचा लाइट हेवीवेट. मार्सियानोला लावलेला नियम टायसनला लावायचा नाही, असे करता येत नाही. आपण केवळ सर्वोत्तम दिवसाचे कौशल्य मोजणार असाल तर टायसनला पहिल्या पाचांत घ्या. माझ्या निकषावर तो अकरावा किंवा बारावा येतो.

दहाव्या जागेसाठी माझ्यासमोर व्लादिमीर क्लिच्को आणि ओलेक्सांद्र उसिक असे दोघे होते. क्लिच्को २००६ ते २०१५ असा साडेनऊ वर्षे विजेता होता, परंतु त्या काळातील दुसरा सर्वांत मोठा हेवीवेट त्याचा सख्खा भाऊ विताली होता आणि ते दोघे एकमेकांशी लढणार नव्हते, ही गोष्ट समजण्यासारखी असली तरी क्रमवारीत एक रिकामी जागा सोडते. उसिकच्या हेवीवेटमधील लढती संख्येने थोड्या आहेत. पण त्याने अँथनी जोशुआला दोनदा, टायसन फ्युरीला २०२४ मध्ये दोनदा आणि डॅनियल ड्युबॉला दोनदा हरवले आहे. यांपैकी प्रत्येक जण त्याच्यापेक्षा वजनाने बराच जड होता आणि त्यातला एकही उतारवयातील नव्हता. मे २०२४ मध्ये रियाध येथे नवव्या फेरीत फ्युरीला दोरांवर हेलपाटताना पाहिले, तेव्हाच दहावी जागा मी उसिकला दिली होती. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीवर ड्युबॉला पाचव्या फेरीत बाद करून चारही पट्टे त्याने पुन्हा एकत्र आणले, तेव्हापासून त्याला होलीफील्डच्या वर न्यावे का, याचा मी विचार करतो आहे.